मूळ गेमच्या तोडीचे मॉड: कोकणातल्या खेळाडूंकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉड, पॅच आणि टोटल कन्व्हर्जन यात फरक काय?

चाहत्यांनी गेममध्ये केलेला कुठलाही बदल म्हणजे मॉड. तलवारीचा रंग बदलला तरी तो मॉडच. चाहत्यांचा पॅच कंपनीने सोडून दिलेल्या चुका दुरुस्त करतो. टोटल कन्व्हर्जन मूळ गेमचं इंजिन तेवढं ठेवतं. नकाशा, पात्रं, कथा, आवाज सगळं नवं. इथे मुख्यतः शेवटच्या दोघांबद्दल बोलू, कारण कंपनीच्या कामाशी खरी बरोबरी तिथेच होते.

चाहत्यांचं काम खरंच कंपनीच्या तोडीचं असतं?

बहुतेकांचं नसतं. ज्यांचं असतं त्यांचं मात्र निर्विवाद असतं. काउंटर-स्ट्राइक हा मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफसाठी केलेला मॉड होता. हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला आणि २००० मध्ये स्वतंत्र गेम म्हणून आणला. डोटा हा वॉरक्राफ्ट ३ वरचा नकाशा, डेझी हा आर्मा २ वरचा मॉड.

पण ही झाली नवा प्रकारच जन्माला घालणाऱ्यांची नावं. मूळ गेमच्या शेजारी ठेवून तोलायचं असेल तर ब्लॅक मेसा बघा. हाफ-लाइफ (१९९८) पुन्हा पहिल्यापासून बांधायचा हे काम. २०१२ मध्ये मोफत मॉड आला तेव्हा त्यात शेवटचा झेन हा परग्रहाचा भाग नव्हताच. मूळ गेममध्येही झेन हाच सगळ्यात कच्चा भाग, घाईत उरकलेला. चाहत्यांच्या चमूने त्यावर आणखी साडेसात वर्षं घालवली आणि मार्च २०२० मध्ये पूर्ण गेम विक्रीला आला, तोही व्हॉल्व्हच्या परवानगीने. झेनच्या बाबतीत तरी आमचं मत स्पष्ट आहे: नक्कल मूळच्या पुढे गेली.

दुसरं उदाहरण एन्डेरल. श्योरएआय या जर्मन चमूने आधी ऑब्लिव्हियन या गेमच्या इंजिनवर २०१० मध्ये नेहरिम केलं, मग स्कायरिम या गेमच्या इंजिनवर २०१६ मध्ये एन्डेरल. जग स्वतंत्र, संवाद पूर्ण आवाजासह, आणि कथा स्कायरिमपेक्षा कितीतरी जड. स्कायरिममध्ये डोंगर चढायचा कंटाळा आला की माणूस घोड्याने उड्या मारत जातो. एन्डेरलचे रस्ते तसं करू देत नाहीत, आणि म्हणूनच तिथला प्रत्येक दरीचा उतार लक्षात राहतो.

पॅचमध्ये व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्सचा अनधिकृत पॅच. गेम नोव्हेंबर २००४ चा, बनवणारी ट्रॉयका २००५ च्या सुरुवातीला बंद. त्यानंतर गेम जिवंत ठेवला तो चाहत्यांनी. स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ मध्ये घाईत कापलेले प्रसंग फाइलींत तसेच पडून होते. रिस्टोअर्ड कंटेंट मॉडने ते शोधून पुन्हा जोडले, आणि शेवटाला पहिल्यांदा अर्थ आला.

मराठ्यांशी संबंधित असं काही आहे का?

आहे. एम्पायर: टोटल वॉर (२००९) मध्ये मराठे हे खेळायला मिळणारं राज्य आहे. मूळ गेमची लढाईतली संगणकाची बुद्धी कमकुवत. शत्रूची फौज तोफांसमोर नुसती उभी राहते. डार्थमॉडने नेमकं तेच बदललं: तुकड्या मोठ्या, हल्ले विचारपूर्वक. तो करणारा निक थोमाडिस पुढे अल्टिमेट जनरल: गेटिसबर्ग (२०१४) या गेमकडे वळला. मराठ्यांकडून खेळायचं तर आमच्या मते डार्थमॉडशिवाय खेळू नये.

हा गेम ३२ बिटचा. अशा प्रोग्रामला विंडोज मुळात २ जीबीच मेमरी देतं. मोठ्या तुकड्यांनी ती संपली की गेम निरोप न देता बंद. लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम असून उपयोग नाही. गेम सुरू करणाऱ्या मूळ एक्झी फाइलवर ‘लार्ज अ‍ॅड्रेस अवेअर’ ही खूण लावली की ६४ बिट विंडोजवर मर्यादा ४ जीबीपर्यंत जाते. काही गेमना ती खूण आधीपासून असते, तेव्हा आधी तपासा. तरीही बंद पडत असेल तर तुकड्यांचा आकार एक पायरी खाली आणा.

माझा लॅपटॉप जुना आहे. कुठून सुरुवात करू?

४ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही: ब्लडलाइन्स अनधिकृत पॅचसह, ओल्ड रिपब्लिक २, किंवा मॉरोविंड. मॉरोविंड ओपनएमडब्ल्यू या मुक्त इंजिनवर चालवा आणि वर टॅमरिएल रीबिल्ट हा मॉड टाका. दोन दशकांहून जास्त काळ चालू असलेलं काम आहे ते, आणि मूळ बेटाबाहेरची मुख्य भूमी तुकड्यातुकड्याने बांधत आलंय. ८ जीबी आणि साधं कार्ड असेल तर ब्लॅक मेसा, एन्डेरल. फॉलआउट ४ वरचा मॉड फॉलआउट: लंडन, त्यासाठी मात्र १६ जीबी आणि एसएसडी हवीच, हार्ड डिस्कवर दर दाराशी थांबावं लागतं.

एज ऑफ एम्पायर्स २ खेळणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. फॉरगॉटन एम्पायर्स हा २०१२ चा चाहत्यांचा मॉड, २०१३ मध्ये अधिकृत विस्तार झाला, आणि त्याच चमूने पुढे डेफिनिटिव्ह एडिशनवर काम केलं. म्हणजे मॉडकर्त्यांचं काम तुम्ही बहुधा आधीच खेळताय.

मूळ गेम विकत घ्यावाच लागतो का? क्रॅक आवृत्ती चालेल?

घ्यावा लागतो. एन्डेरल मोफत आहे, पण स्कायरिम तुमच्याकडे हवं. नैतिक कारण तर आहेच, तांत्रिकही आहे: मोठे मॉड ज्या स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर (गेमची ताकद वाढवणारा जोड-प्रोग्राम) उभे असतात तो गेमच्या एक्झी फाइलमध्ये ठरावीक पत्त्यांवर जाऊन काम करतो. क्रॅकमध्ये ती फाइलच बदललेली असते. मग चूक मॉडची की क्रॅकची हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मॉडकर्ते अशा तक्रारींना उत्तर देत नाहीत. ते बरोबरच आहे. सेल लागेपर्यंत थांबा, जुने गेम वर्षातून अनेकदा स्वस्त होतात.

३० जीबीचा मॉड मोबाइल डेटावर कसा उतरवायचा?

रोजचा १.५ जीबी डेटा असेल तर पूर्ण २० दिवस, आणि त्या दिवसांत दुसरं काहीच नाही. नेटला सेकंदाला १ एमबी वेग धरला तरी सलग साडेआठ तास. पावसाळ्यात देवगड-मालवण पट्ट्यात सलग साडेआठ तास लाईट आणि रेंज दोन्ही मिळणं कठीण. म्हणून ब्राउझरमधून मोठी फाइल उतरवूच नका, मध्ये तुटली की बऱ्याचदा पहिल्यापासून. स्टीम आणि जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानांचे स्वतःचे अ‍ॅप तुटल्या जागेपासून पुढे जातात. दुसरीकडून घ्यायचं असेल तर डाउनलोड मॅनेजर वापरा.

त्याहून चांगला मार्ग गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याचा. मुंबई-पुण्यात फायबर असलेल्या कुणालाही तुमच्या खात्याने गेम उतरवून एसएसडीवर आणायला सांगा. इथे तीन गोष्टी हटकून चुकतात.

पहिली, पेन ड्राइव्ह एफएटी३२ असतो. त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. जागा ५० जीबी रिकामी असली तरी विंडोज नकार देतं. आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. जीओजीचे ऑफलाइन इन्स्टॉलर मुळातच तुकड्यांत असतात, त्यांना हा त्रास कमी.

दुसरी, फाइल अर्धवट कॉपी होते आणि महिन्याने कळतं. मॉडच्या पानावर एसएचए-२५६ चा आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) दिलेला असेल तर सेव्हन-झिपच्या राइट क्लिक मेनूतून तुमच्या फाइलचा काढून ताडून बघा, चाकरमानी परत जायच्या आत. एक अक्षर वेगळं असलं तरी फाइल बाद.

तिसरी, स्टीमचा गेम नुसता कॉपी केला आणि थेट चालवला. तसं नको. गेमचं फोल्डर ‘स्टीमअ‍ॅप्स’मधल्या ‘कॉमन’मध्ये ठेवा, मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. ते असलेल्या फाइली ओळखतं आणि कमी असेल तेवढंच मागतं.

मॉड बसवायची योग्य पद्धत कोणती?

स्कायरिमसारख्या गेमचं सांगतो, इतरांनाही बरंचसं लागू आहे.

गेम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवू नका. विंडोज त्या फोल्डरवर पहारा देतं आणि मॉडच्या फाइली लिहू देत नाही, कधी कधी गुपचूप. डी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचं फोल्डर करा, नाव रोमन लिपीत आणि साधं. देवनागरी नावाच्या फोल्डरवर जुनी साधनं अडखळतात. ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर वनड्राइव्हवर चढत असेल तर ते थांबवा, सेव्ह आणि सेटिंगच्या फाइली तिथेच असतात. मग गेम एकदा कोरा चालवा, मेनूपर्यंत जा, बाहेर या. सेटिंगच्या फाइली तेव्हाच तयार होतात.

आता मॉड ऑर्गनायझर २, म्हणजे मॉड बसवायचं आणि सांभाळायचं साधन. याचा मोठा गुण असा की मॉडची फाइल गेमच्या फोल्डरला शिवत नाही, गेम चालू असताना तेवढ्यापुरती तिथे असल्याचा भास निर्माण करतो. मूळ गेम कायम स्वच्छ. पण म्हणूनच गेम त्याच्या आतूनच सुरू करावा लागतो. स्टीममधून सुरू केला की एकही मॉड दिसत नाही आणि ‘मॉड चालत नाही’ ही तक्रार येते. एका वेळी एक मॉड घाला, दहा मिनिटं खेळा, मग पुढचा. कंटाळवाणं आहे, पण रात्रभर चूक शोधण्यापेक्षा बरं.

एन्डेरल स्टीमवर स्वतंत्र मिळतं, तिथे ही खटपट नाही. त्यात स्कायरिमचे मॉड मात्र घुसवू नका. जगच वेगळं आहे, स्कायरिमच्या गावावर बेतलेला मॉड तिथे जमीन फाडतो.

ओल्ड रिपब्लिक २ च्या रिस्टोअर्ड कंटेंट मॉडचं वेगळं. तो कोऱ्या गेमवर सगळ्यात आधी बसवा. काढायचा तर गेमच पुन्हा बसवावा लागतो. स्टीमच्या वर्कशॉपमधली आवृत्ती एका क्लिकची असली तरी सोबत दुसरे मॉड घालायचे असतील तर हाताने बसवलेलीच बरी, कारण वर्कशॉपच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात आणि एकमेकांवर चढतात.

काल चालत होतं, आज अपडेटनंतर बंद. का?

अपडेटने एक्झी फाइल बदलली, आतले पत्ते हलले, स्क्रिप्ट एक्स्टेंडरला घर सापडेना. फॉलआउट: लंडनला याचा फटका सगळ्यांसमोर बसला. मॉड २३ एप्रिल २०२४ ला यायचा होता. मूळ गेमची कंपनी बेथेस्डाने फॉलआउट ४ चं मोठं अपडेट २५ एप्रिलला येणार असं जाहीर केलं, चमूने तारीख पुढे ढकलली, आणि मॉड शेवटी २५ जुलैला आला, तोही जुन्या आवृत्तीवरच चालणारा. स्टीमवाल्यांना आधी गेम मागच्या आवृत्तीवर न्यावा लागतो.

तुम्ही इतकं करा: स्टीममध्ये त्या गेमच्या अपडेटचा पर्याय ‘गेम सुरू करतानाच’ असा ठेवा, आणि गेम स्टीममधून कधीच सुरू करू नका, नेहमी मॉड ऑर्गनायझरच्या आतून, स्क्रिप्ट एक्स्टेंडरनेच. शिवाय चालणाऱ्या अवस्थेतलं सगळं फोल्डर एकदा बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवून द्या. डेटा मोजून वापरणाऱ्याला हीच खरी बचत.

गेम सुरू होताच डेस्कटॉपवर फेकतो. चूक कुठे शोधू?

मेनू यायच्या आतच पडत असेल तर बहुतेकदा एखाद्या मॉडला लागणारी पायाभूत फाइल नाही. मॉड ऑर्गनायझर ती लाल किंवा पिवळ्या खुणेने दाखवतो. दुसरं कारण मर्यादा: स्कायरिम स्पेशल एडिशनमध्ये पूर्ण वजनाचे प्लगिन (मॉडच्या मुख्य फाइली) २५४ पर्यंतच, हलके ४०९६ पर्यंत.

दोन्ही नसेल तर अर्धे-अर्धे करा. ६४ मॉड असतील तर ३२ बंद. पडला नाही तर गुन्हेगार बंद केलेल्यांत. मग १६, ८. सहा फेऱ्यांत एकच उरतो. ज्या मॉडवर दुसरे अवलंबून आहेत ते जोडीने बंद करा, नाहीतर नवीच चूक पैदा होते. ही तपासणी नव्या खेळावर करा, चालू सेव्हवर नको.

सेव्ह चालू असताना एखादा मॉड काढला तर?

नको. स्कायरिममध्ये मॉडच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये मुरतात. मॉड काढला तरी त्या आत धडपडत राहतात, आणि बिघाड वीस तासांनी दिसतो. रंग, पोत, आवाज यांचे मॉड मात्र केव्हाही काढा.

लाईट गेल्यावर सेव्ह बिघडतो तोही याच जातीचा त्रास: फाइल लिहिता लिहिता वीज गेली की ती अर्धीच राहते. ऑटोसेव्हवर विसंबू नका, तीन-चार वेगळे सेव्ह आलटून पालटून ठेवा. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम काही मिनिटं देतो. सेव्ह करून बंद करायला तेवढी पुरतात, खेळायला नव्हे.

गेमचा मराठी मॉड करता येईल?

येईल, पण अनुवादापेक्षा अक्षरं जास्त छळतात. ‘सिंधुदुर्ग’ हा शब्द घ्या. फाइलमध्ये तो असा साठतो: स, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, हलन्त, ग. पडद्यावर मात्र वेलांटी स च्या डावीकडे यायला हवी आणि र चा रफार होऊन ग च्या डोक्यावर बसायला हवा. ही मांडणी करणारी व्यवस्था जुन्या इंजिनांत नसते. मग वेलांटी उजवीकडे लोंबते, र पाय मोडून पडतो. गोडो ४ सारख्या नव्या इंजिनात ही सोय आत आहे. मॉड करायचे गेम मात्र बहुधा जुने.

उपाय आपल्याकडचे डीटीपीवाले केव्हापासून वापरत आलेत. श्रीलिपीच्या काळातल्या फॉन्टमध्ये प्रत्येक आकाराला रोमन अक्षराचा एक खाना दिलेला असे आणि मजकूर दिसतो त्याच क्रमाने साठत असे, आधी वेलांटी मग स. तेच करा. एका बाइटचे २५६ खाने, पहिले ३२ सोडले तर २२४. तेवढ्यात मराठीची नेहमीची जोडाक्षरं बसतात. युनिकोड मजकूर या क्रमात बदलणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहा, हाताने करू नका.

बिघडतं कुठे? शीर्षकं आपोआप कॅपिटल करणाऱ्या गेममध्ये. तिथे ‘a’ च्या खान्यातला आकार ‘A’ च्या खान्यातला होतो आणि मेनूचा चुराडा. शीर्षकांत वापरायचे आकार दोन्ही खान्यांत सारखेच ठेवा, किंवा शीर्षक चित्र म्हणून द्या. जीटीएच्या जुन्या गेममध्ये ‘~’ ही रंग बदलायची खूण आहे, तो खाना रिकामा सोडा, आणि टक्क्याची खूणसुद्धा.

आमच्या गावचा किल्ला गेममध्ये घालायचाय. जांभ्याचा पोत कसा मिळवू?

इथे कोकणातल्या माणसाचा हात कुणी धरणार नाही. परदेशी मॉडमधल्या भारतीय किल्ल्यांना राखाडी युरोपी दगड चिकटवलेला दिसतो तेव्हा वाईट वाटतं. १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेला सिंधुदुर्ग मालवणच्या किनाऱ्यावरून रोज दिसतो, आणि जांभ्याचे चिरे तर प्रत्येक वाडीच्या गडग्यात आहेत.

फोटो उन्हात काढू नका. चिऱ्याच्या भोकांत पडलेली सावली पोतात कायमची छापली जाते, मग गेममधला सूर्य कुठेही असो. सप्टेंबरअखेर पाऊस उघडल्यावर ढगाळ दिवस आणि कोरडा दगड असा मेळ बसतो, तो गाठा. भर पावसात ओला जांभा काळपट लाल आणि चकचकीत होतो; तो हवाच असेल तर वेगळा संच काढा. भिंतीला अगदी समोर उभे राहा, फोनमध्ये व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर बांधून ठेवा, शेजारचे फोटो साठ टक्के तरी एकमेकांवर येऊ द्या. एका फोटोत मोजपट्टी धरा, नाहीतर गेममध्ये चिरा विटेएवढा किंवा फ्रिजएवढा होतो.

२ मीटर बाय २ मीटरचा तुकडा २०४८ पिक्सेलमध्ये, म्हणजे मीटरला १०२४ पिक्सेल, पुरेसा आहे. त्यातला लक्षात राहणारा शेवाळाचा ठिपका पुसा, तो दर २ मीटरला परत दिसतो. स्कायरिम स्पेशल एडिशनसाठी बीसी७ या दाबलेल्या प्रकारात साठवा: मिपमॅपसह (लांबून दाखवायच्या त्याच पोताच्या लहान प्रती) साधारण ५.३ एमबी, बिनदाबाचा २१. २०११ चं मूळ स्कायरिम बीसी७ वाचत नाही, त्याला डीएक्सटी५. मिपमॅप विसरलात तर लांबची तटबंदी चालताना मुंग्या फिरल्यासारखी चमचमते. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

एक सल्ला कळकळीचा: पूर्ण किल्ला पहिल्या वर्षी नको. एक दरवाजा, दोन बुरूज, मधली तटबंदी, एवढं पुरं करून दुसऱ्याच्या मशीनवर चालवून दाखवा.

मॉड विकता येतो का? कंपनी बंद पाडेल?

परवानगीशिवाय विकू नका. एप्रिल २०१५ मध्ये स्टीमवर स्कायरिमचे मॉड विकायचा अधिकृत प्रयत्न झाला, तोही आठवड्याच्या आत मागे घेतला गेला. कंपन्यांचा स्वभाव वेगवेगळा. एएम२आर हा मेट्रॉइड २ चा चाहत्यांनी केलेला नवा अवतार ऑगस्ट २०१६ मध्ये आला आणि निन्टेन्डोने लगेच उतरवायला लावला. सेगाने उलट चाहत्यांनाच हाताशी घेऊन २०१७ मध्ये सोनिक मेनिया केला. मूळ गेमच्या फाइली तुमच्या मॉडसोबत वाटायच्या नाहीत, दुसऱ्याचं मॉडेल न विचारता घ्यायचं नाही, इतकं पाळलं तरी बरेच धोके टळतात.

यातून नोकरी लागते?

काहींना. १९ वर्षांच्या अलेक्झांडर व्हेलिकीने २०१३ मध्ये स्कायरिमसाठी फालस्कार केला आणि पुढे बंजी या गेम कंपनीत गेला. निक पिअर्सचा द फरगॉटन सिटी हा २०१५ चा स्कायरिम मॉड २०२१ मध्ये स्वतंत्र गेम झाला. दोघांतलं साम्य बघा: काम पूर्ण करून लोकांसमोर ठेवलेलं होतं.

मॉडमध्ये चूक सापडली, कशी कळवू?

‘चालत नाही’ लिहून उपयोग नाही. गेमची नेमकी आवृत्ती, मॉडची आवृत्ती, गेम कुठून घेतला, सोबत कोणते मॉड, आणि चूक पुन्हा घडवायच्या पायऱ्या: ‘नवा खेळ, दक्षिण दरवाजा, आत जाऊन बाहेर येताच पडतो, पाचपैकी पाच वेळा’. क्रॅश लॉगची फाइल जोडा, तिचा फोटो नको. आणि आधी एकदा तोच एकटा मॉड ठेवून बघा; अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.